मुलीला न सांगितलेला आजार

मूत्राशयाचं दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. मला दर अर्ध्या तासाला उठावं लागायचं आणि उठूनही जळजळ थांबायची नाही. बिल्डिंगमधल्या बायका गाडी करून वज्रेश्वरीला निघाल्या, तेव्हा मी गुडघ्याचं कारण सांगितलं. वळ गावात पुतणीचं लग्न होतं, तिथेही गेले नाही. हळूहळू बोलावणीच कमी झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी परदेशात संशोधन करत होती. सहा वर्षं हे दुखणं माझ्या आणि डॉक्टरांच्या पलीकडे गेलं नाही.

दर काही आठवड्यांनी दवाखान्यात जायचं. नर्स नळीतून औषध आत सोडायची आणि अर्धा तास धरून ठेवायला सांगायची. सोबत कोणी नाही का, असं तिने पहिल्या एक-दोन वेळा विचारलं, मग सोडून दिलं. मी कुशी बदलत पडून राहायचे.

एका रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडत होते, म्हणून मी खिडकी लावून घेतली. ती खुशीत होती. डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे बारीक रोबो तिच्या प्रयोगशाळेत बनवले होते. प्रत्येकाच्या आत हवेचा बुडबुडा. बाहेरून सोनोग्राफीसारखा, कानाला ऐकू न येणारा आवाज सोडला की बुडबुडा थरथरतो आणि रोबो पोहत पुढे जातो. त्यांनी ते उंदराच्या मूत्राशयात सोडले होते. तिथल्या भिंतीला चिकटून ते थोडं थोडं औषध देत राहिले. म्हणजे पेशंटला सारखी नळी घालून घ्यायला नको, असं ती मला समजावत होती. मूत्राशयाची सारखी जळजळ होणाऱ्या या पेशंटचे किती हाल होतात, तेही सांगायला लागली.

मी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला तेच आहे गं. सहा वर्षं झाली."

का नाही सांगितलंस, एवढंच तिने विचारलं. तू इतक्या लांब, सांगून तुझ्या जिवाला घोर कशाला, असं मी म्हटलं. तिने चष्मा काढून डोळे पुसले. मला राहवलं नाही. हे माणसांसाठी कधी येईल, असं मी विचारलं.

"माहीत नाही, आई. खूप वर्षं लागतील. कदाचित तुझ्या वेळेला नाहीच होणार."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण तिने खोटं सांगितलं नाही, हेही मनात राहिलं.

आता दवाखान्याच्या दिवशी, मी औषध धरून पडले की ती फोन करते. तिकडे जेमतेम उजाडलेलं असतं. काय खाल्लं, थंडी किती आहे, एवढंच आम्ही बोलतो. वीस मिनिटांनी तिला बस गाठायची असते. उरलेली दहा मिनिटं मी एकटीच भिंतीकडे तोंड करून असते. मग उठते, साडी नीट करते आणि बाहेर येऊन रिक्षा बघते.