धनगरवस्तीचं शून्य

भिमाजी पेंटरला रिकामी जागा बघवत नाही. डिंगोऱ्याच्या आसपास ज्या दुकानाच्या पाटीवर कोपऱ्यात विनाकारण पोपट बसलेला दिसेल, ती पाटी त्याची समजावी. फ्लेक्स आले आणि धंदा बसला, पण खोड काही गेली नाही.

गेल्या थंडीत आमच्या गावात बिबट्याने उच्छाद मांडला. पंचायतीने भिंतीवर तक्ता काढायचं ठरवलं. खाली वस्त्यांची नावं आणि वर तक्रारी असतील तेवढा उंच लाल पट्टा. ज्या वस्तीचा पट्टा उंच, तिथे पिंजरा लागणार. मळ्यातल्या बंगल्यांचा पट्टा पार चौदावर गेला. तिथे बिबट्या एकदा दिसला की घरटी एक फोन. धनगरवस्तीची तक्रारच नव्हती. जागा उघडी दिसते म्हणून भिमाजीने आपल्या मनाने तिथे छान गोल शून्य काढलं. मी रोज तिथून जायचो. मलाही ते खरंच वाटलं, हे सांगताना आज लाज वाटते.

वस्तीवरची तुकाबाई एकदा भिंतीपाशी थांबली. "भाऊ, आमचं कुठंय ह्यात?"

भिमाजीने शून्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे आमच्याकडं वाघ येतच न्हाई व्हय?"

"तुमी कधी कळवलंच न्हाई, मावशी."

"मेलेली मेंढी राखीत पंचनाम्याची वाट बघायची, तवर बाकीच्या चारायच्या कुणी? दिवाळीपासनं सात नेल्या. परवा हिराच्या आथरुणापाशी आला व्हता. नातीला आमा दोघींच्या मधी घेऊन निजतो."

हिरा तिची सून. घरात दोघी बायका आणि वर्षाची पोर.

भिमाजीचा चेहरा उतरला. ऐकीव सात भिंतीवर कसे लिहायचे? पण शून्य तरी त्याला कुणी दिलं होतं? त्याने चुन्याचा हात मारून ते बुजवलं आणि त्यावर लिहिलं, 'इथे कुणी विचारलं नाही.'

सरपंच तापले. "पेंटर, गावाची अब्रू घालवतो का? पूस ते!"

"पुसतो की. आदी कुणीतरी जाऊन इचारून या."

उभ्या आयुष्यात तो सरपंचांना पहिल्यांदाच असं बोलला असेल. ऐकून मला बरं वाटलं.

तक्ता बघायला आलेली वनरक्षक समृद्धी ती ओळ वाचून थेट वस्तीवर गेली, येताना मळ्यातही चौकशी केली. मळ्यात चौदा फोन, पण गेलेलं जनावर एकही नाही. वस्तीवर सात मेंढ्या, दोन कुत्री आणि अंथरुणापाशी ठसे. पिंजरा त्याच संध्याकाळी वस्तीकडे निघाला.

तिच्या वहीत मात्र आणखी तीन पानं भरली होती. हापसा बंद, विजेचा खांब नाही, पोरीचा लसीचा डोस चुकलेला.

"मी फक्त बिबट्याचं विचारलं होतं," ती सरपंचांना म्हणाली. "पण मावशी थांबेचनात."