बॉबिनची ट्रायल

शिंपीआजोबांनी आयुष्यात एकाच माणसाला फसवलं, आणि ती होती त्यांची सख्खी लेक.

लेक दवाखान्यात नर्स. बढतीसाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायला ती दुसऱ्या शहरात गेली. जावई जहाजावर. तेव्हा पाच वर्षांची पोर बापाच्या स्वाधीन करताना तिने बजावलं, "बाबा, हिचं वजन उतरलं तर मी सगळं सोडून परत येईन."

पोर मुळातच किडकिडीत. शिलाई मशिनमधल्या दोऱ्याच्या इवल्याशा रिळावरून आजोबा तिला बॉबिन म्हणत. तिला चालायचं काय, तर दूध आणि पाव. ताटात भाजी दिसली की ओठ घट्ट मिटलेच. आणि आजोबांना जेवू घालायची एकच रीत ठाऊक होती, डोळे वटारायची. लेकीला त्यांनी तसंच वाढवलं होतं. ती मुकाट्याने गिळायची. तिला लाल भोपळा फार आवडतो असं ते चारचौघांत सांगत, कारण भोपळ्याला तिने कधी नाही म्हटलं नव्हतं.

बॉबिन मात्र कसली ऐकते! तासन्‌तास ताटासमोर बसे, पण तोंड उघडत नसे. दीड महिन्यात तिचा निळा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. दर रविवारी लेक फोनवर पोरीला बघायची. मग म्हाताऱ्याने फ्रॉक दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेतला आणि पोर फोनवर ठाकठीक दिसली. महिन्याभराने पुन्हा बोटभर आत घ्यावा लागला, तेव्हा मात्र त्यांनी पोरीच्या छातीला मापाचा टेप लावला. लेकीच्या डोळ्यांत धूळ फेकता येईल, पण टेपच्या?

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक कोटाच्या ट्रायलला आलं. "काखेत काचतंय," म्हणालं. आजोबांनी निमूटपणे खडूने खूण केली. बॉबिन कापडाच्या गठ्ठ्यावर बसून बघत होती. गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं, "ते काका नको म्हणाले, तरी तुम्ही ओरडला नाहीत?"

"अगं, अंग त्यांचं. कुठे काचतंय ते त्यांनाच कळणार ना?"

"मग तोंड माझं आहे."

तोंडात मारल्यासारखंच झालं आजोबांना. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाचं ऐकून पोट भरलं, आणि घरात कुणाला एका शब्दाने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातलं स्टूल स्वयंपाकघरात नेलं. त्यावर बॉबिनला उभं केलं, स्वतःच्या गळ्यात टेप अडकवला आणि म्हणाले, "आजपासून भाजीची ट्रायल. तू गिऱ्हाईक." तिने वाटाणे सोलले, टोमॅटो हातानेच चिरडले, अर्धे अंगावर उडवले. अर्धवट शिजलेल्या भाजीचा चमचा फुंकून चाखला आणि तोंड वाकडं केलं. "काचतंय."

"कुठे?"

"जिभेच्या मागे. तिखट." त्यांनी दूध घातलं. पुन्हा ट्रायल. तिसऱ्या चमच्याला ती म्हणाली, "आता बसतंय," आणि वाटीभर खाल्लं. आजोबा पाठ फिरवून उगाच ओटा पुसत राहिले.

रोजच बसायचं असं नाही. कोबी तिने साफ नाकारला. एकदा तिने मीठ घातलं आणि सवयीने आजोबांनीही घातलं. भाजी तोंडात धरवेना. आजोबांचा आवाज चढणार, तोच ती म्हणाली, "उसवा ना." मीठ कसलं उसवतंय! बटाटे ढकलले, पाणी ओतलं, पातेलं गच्च भरलं. ते दोन दिवस संपेना. तरी बॉबिन चिकाटीने खात राहिली, कारण बिघडवण्यात तिचाही हात होता.

हळूहळू टेप पुढे सरकायला लागला. आजोबांनी एक शिवण उसवली, मग दुसरी.

चौथ्या महिन्याच्या शेवटी लेक दोन दिवसांसाठी आली. फ्रॉक धुवायला घेताना तिने तो उलटा केला आणि थांबली. शिंप्याचीच पोर ती. सुईच्या भोकांच्या दोन ओळी तिने बोटाने चाचपल्या.

"बाबा, दोनदा आत घेतला होता?"

"हो. आणि दोनदा उसवला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू धावत आली असतीस."

फ्रॉक बादलीत टाकत ती म्हणाली, "सोमवारी पहिल्या गाडीने जाते. परीक्षा जवळ आलीय." आजोबांच्या जिवात जीव आला.

"आई, ट्रायलला ये," आतून बॉबिनने हाक मारली. लेक आली म्हणून आजोबांनी मुद्दाम लाल भोपळा शिजत टाकला होता. बॉबिनने चमचा फुंकून आईपुढे धरला. "खरं खरं सांगायचं हं."

लेकीने चाखलं. एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"मला भोपळा आवडत नाही, बाबा. कधीच आवडला नव्हता."

बॉबिन दचकून आजोबांकडे बघायला लागली. आजोबांनी गॅस बंद केला. पातेलं उतरवून बाजूला ठेवलं.

"मग तुझ्यासाठी काय करू?" त्यांनी विचारलं.