चौथा तुकडा

आमच्या ताईला बाहेर जेवायला नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. आधी पोट बिघडतं, मग गुडघा धरतो, मग 'घरी भाजी उरलीय, ती कोण खाणार?' या खेपेला मात्र ती एका शब्दात तयार झाली, कारण बोलावणं छोट्याचं होतं.

छोट्या म्हणजे आमचा धाकटा भाऊ. चाळिशीला टेकला, केस गेले, तरी छोट्याच. बारा गावचं पाणी प्यायलेला गडी. रंगकाम केलं, कुरिअर वाटलं, लिफ्टदुरुस्ती केली, आणि कुठेच बूड टेकलं नाही. शेवटी एका लहान रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायला लागला, तिथून चिरायला, आणि चिरता चिरता शेगडीकडे सरकला. तिथे जपानी आणि युरोपी पदार्थांची सरमिसळ करतात. लहान लहान ताटल्या मध्ये ठेवायच्या, सगळ्यांनी त्यातून खायचं आणि सोबत साके प्यायची, म्हणजे तांदळाची दारू. मालकीणबाई त्याला म्हणाल्या होत्या, 'शनिवारी तुझे स्वतःचे चार पदार्थ कर. जमले तर आचारी म्हणून ठेवते, नाहीतर दुसरीकडे बघ. आणि खायला घरच्यांनाच बोलाव. घरच्यांनीच टाकलं तर बाहेरच्यांचं काय घेऊन बसायचं?'

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते, जी आम्हाला त्या संध्याकाळी कोणी सांगितली नव्हती. या बाई कुणाला 'कसं झालंय' असं विचारत नाहीत. तोंडदेखलं सगळेच छान म्हणतात. त्या परत आलेली ताटली बघतात. रिकामी आली तर पदार्थ राहिला, काही उरलं तर गेला. छोट्याला हे पक्कं माहीत होतं. पण घरची माणसं, खातीलच की, असं त्याला वाटलं. गाढव कुठला.

कारण घरच्यांचंच तर सगळं त्रांगडं होतं.

आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती. बाबा ट्रकवर, आज इथे तर उद्या तिथे. ताईने शाळा सोडली आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. तिथे चादरी सरळ करायला तापलेला मोठा रूळ असतो. एकीने ओली चादर आत सरकवायची, दुसरीने कोरडी ओढून घ्यायची. ताई ओढून घेणारी. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग आहेत, काही जुने, काही नोकरीच्या शेवटच्या वर्षातले. तिथून आली की घरची शेगडी. मी आणि छोट्या भस्म्या झाल्यासारखे खायचो. ती वाढत राहायची आणि शेवटी पातेलं पुसून खायची. लग्नाचं विचाराल, तर तिने माझं लावून दिलं, तेवढंच.

एकदा बाबा घरी असताना त्यांनी तिला पातेलं पुसताना पाहिलं. ते जास्त बोलणारे नव्हते. म्हणाले, "ज्याने रांधलं, शेवटचा तुकडा त्याचा. कुणी उचलला तर फटके." फटके त्यांनी कधीच कुणाला दिले नाहीत, पण तो तुकडा आजतागायत कुणी उचललेला नाही. आमच्या ह्यांनासुद्धा लग्नानंतर महिनाभरात मी वळण लावलं. बाबा बोलले तेव्हापासून ताईला तुकडा मिळायला लागला, पण सगळ्यांचं आटोपल्यावर. म्हणजे गारच.

तर शनिवारी ताई, मी आणि हे असे तिघं गेलो, माझ्या गाडीतून. मी गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि शेजारच्या सीटपाशी जादा ब्रेक. लोक आपणहून लांब राहतात, बरं असतं.

रेस्टॉरंट म्हणजे एक लांबट खोली. पाच-सहा टेबलं, कागदी दिवे, आणि स्वयंपाकघराच्या दारावर अर्धाच पडदा. पडद्याखालून आतल्या माणसाचे पाय दिसायचे. ताईने मुद्दाम समोरची जागा घेतली.

"बूट बघ त्याचे. अजून पुसत नाही," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

मालकीणबाईंनी आधी कोमट साके आणली, चिनीमातीच्या चंबूत. कप एवढे एवढेसे, खोकल्याच्या औषधाचे असतात तसे. त्यांनी सांगितलं की ही स्वतःच्या हाताने ओतून घ्यायची नसते, शेजारच्याने ओतायची. ताईला हे फार पटलं. ती स्वतः थेंब घेत नाही, पण संध्याकाळभर तिची नजर ह्यांच्या कपावर. रिकामा झाला की भरला. हे भिडस्त, ताईचा मान ठेवायचा म्हणून पीत राहिले. थोड्या वेळात त्यांचे कान लाल झाले.

पहिली ताटली आली. बटाटा आणि चीजचे तळलेले गोळे, वर समुद्री शेवाळाची हिरवी पूड. गोळे चार, आम्ही तीन. ताईने आधी ह्यांना दिला, मग मला, मग ताटलीची कड पुसून ती पुढे सरकवली, पिशवी सारखी केली, आणि मग स्वतःचा खाल्ला. अप्रतिम होते, उगाच नाही सांगत. चौथ्याकडे तिघांनीही बघितलं आणि हात मागे घेतले.

"झालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"झालं, झालं. आत न्या," ताई म्हणाली. 'आत'वर जरा जोर देऊन.

बाईंनी ताटलीकडे बघितलं आणि नेली. पुढची आली ती भाजलेल्या पावावर लोण्यात परतलेल्या मशरूमची. चार तुकडे. तीन खाल्ले, एक आत गेला. मग मासा, वर आल्याचं लोणचं आणि अंड्याचा सॉस. तेच. पडद्याखालचे बूट इतका वेळ इकडेतिकडे करत होते, ते आता एका जागी उभे राहिले. मला वाटलं, थकला असेल. चौथी ताटली भाजलेल्या भोपळ्याची होती, तीळ आणि वितळलेलं चीज घालून. तीही चौथ्या फोडीसकट बाजूला सरकवली आणि ताई समाधानाने म्हणाली, "पोटभर होईल त्याला."

बाईंनी ही ताटली उचललीच नाही.

"तुम्हाला काय आवडलं नाही?" त्यांनी विचारलं.

"छे हो. सगळं आवडलं."

"मग चारही वेळा उरलं कसं?"

"उरलं कुठे? ते त्याचं आहे. ज्याने केलं त्याचं."

बाईंनी मग आपला नियम सांगितला. शांतपणे, आवाज न चढवता. म्हणाल्या, मी माणसाचं तोंड बघत नाही, ताटली बघते, म्हणून हे दुकान टिकलंय. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुमच्या ताटल्यांना काय कळतंय, हिच्या घरात कोणी शेवटचा तुकडा खाल्ला असता तर ही आज दिसली नसती. हे माझा हात दाबत होते. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. ज्या पोराला तिने पोटाला चिमटा काढून वाढवलं, त्याची भाकरी आज आपल्याच हाताने घालवली, हे तिला समजलं होतं. तिने चौथ्या फोडीकडे हात नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला. होईना तिच्याने. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

तेवढ्यात छोट्या बाहेर आला. त्याने ती फोड उचलून तोंडात टाकली आणि चावत चावत म्हणाला, "आधीचे तीन आत उभ्याउभ्याच खाल्ले. माझं जेवण झालं, ताई." मग त्याने दुसऱ्या हातातली ताटली तिच्यापुढे ठेवली. त्यात बटाट्याचा एकच गोळा होता, नुकता तेलातून काढलेला.

"बाकीचे?" ताईने विचारलं.

"बाकीचे नाहीत. एकच केला."

तिने ह्यांच्याकडे बघितलं, हे छताकडे बघत होते. माझ्याकडे बघितलं. मी हात टेबलाखाली घेतले. कुणाला द्यावा असं कोणी उरलंच नाही, तेव्हा तिने तो उचलला आणि खाल्ला. बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी ती ताटली घेतली, दिव्याखाली धरली, बघितली.

"उद्या लवकर ये," त्या छोट्याला म्हणाल्या. "भोपळ्यात मीठ कमी आहे. बाकी तीन राहू देत."

परतताना हे मागच्या सीटवर घोरत होते. ताई माझ्या शेजारी, पिशवी मांडीवर. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "जीभ पोळली गं."

मला आधी कळलंच नाही. दोन्ही हात भाजून घेतलेली बाई, आणि जीभ पोळल्याचं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिच्यापर्यंत गरम काही पोचलंच नव्हतं कधी. मी दारातली पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली.

"नको," ती म्हणाली. "राहू दे जरा."