मामांचं चिबड

चिखलाच्या बाबतीत आमच्या हिच्या थोरल्या मामांचा शब्द शेवटचा, असं सगळं पुणं मानत नसेल. मामा मात्र मानत. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, दारात बूट काढले आणि नमस्काराला वाकलो, तर समोर पायच नव्हते. मामा माझ्या बुटांपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी टाचेला चिकटलेला चिखल नखानं खरवडला, चिमटीत चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "मुरूम. येरवड्याकडून आलात. येरवड्याला काय काम काढलंत?" मी तिथे मित्राकडे पत्ते खेळायला गेलो होतो आणि घरी ऑफिसचं काम असं सांगितलं होतं. हिनं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर बरीच वर्षं मी सासरच्या कुठल्याही दारात बूट पुसल्याशिवाय पाऊल ठेवलं नाही.

मामा शेतकी खात्यात होते. ज्या जमिनीत पाणी साचून राहतं आणि पीक कुजतं तिला चिबड म्हणतात. तिथे जायचं, चर आखून द्यायचा, पाणी ओढ्याला लावून जमीन कोरडी करायची, हे मामांचं काम. ते त्यांनी बत्तीस वर्षं केलं आणि इतक्या निष्ठेनं केलं, की साचलेलं पाणी त्यांना कुठेच बघवेना. रस्त्यात डबकं दिसलं की छत्रीच्या टोकानं त्याला वाट काढून देत. मागून येणारा शंख करू लागला तरी डबकं रिकामं होईपर्यंत हलत नसत. जेवताना भाताला बोटानं उतार काढून आमटी ताटाच्या कडेला लावत आणि मग कोरडा भात खाऊन वर "आमटी वाढा" म्हणत. आमच्या लग्नात मुलीचे मामा म्हणून त्यांनी नवरीच्या मागे उभं राहायचं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तरी मामांचा पत्ता नाही. शोधाशोध झाली, तेव्हा ते कार्यालयाच्या मागे तुंबलेल्या मोरीचं पाणी लावून देताना सापडले. शेवटच्या 'सावधान'ला ओल्या धोतरानं येऊन उभे राहिले आणि माझ्या कानात म्हणाले, "मोरीला उतारच नव्हता हो!" माझ्या संसाराला मिळालेला हा पहिला आशीर्वाद.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात काय करणार? मामा आपणच कोरड्या केलेल्या जमिनी बघायला निघाले. माझ्याकडे स्कूटर होती, हा माझा गुन्हा. दर शनिवारी हाफ डे आटोपून मी घरी येतो न येतो तोच मामा पिशवी घेऊन जिन्यात उभे. हडपसरच्या पलीकडे एकेक गाव धरून आम्ही हिंडायचो. ऐन वैशाख होता. मामा प्रत्येक शेतावर उतरत, आपला जुना चर बघत आणि मग विहिरीत डोकावत. पहिली विहीर कोरडी. दुसरी कोरडी. तिसरीच्या तळाशी एक कुत्रं सावलीला झोपलं होतं. मामांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. रात्री जेवताना त्यांनी आमटी ताटात जिथे पडली तिथेच राहू दिली. मामींनी ताप बघायला कपाळाला हात लावला.

आणि मग तात्यांची विहीर सापडली. तात्या म्हणजे मार्केट यार्डात मेथी-कोथिंबीर घेऊन जाणारा, बोलण्यापेक्षा ऐकणारा, पन्नाशीचा शेतकरी. चारी बाजूंना ठणठणाट आणि याच्या विहिरीला हात घालावा इतकं पाणी. विहिरीच्या वरच्या अंगाला दोन एकर चिबड होतं. त्यात लव्हाळं माजलेलं, मधोमध एक म्हैस डोळे मिटून बसलेली. वर्षानुवर्षं लव्हाळं उगवून, पडून, पाण्याखाली कुजून तिथे काळीशार मऊ गादी तयार झाली होती. मामांनी धोतर खोचलं, चपला काढल्या आणि पाय घातला. पाय गुडघ्यापर्यंत गेला. त्यांनी मूठभर काळा चिखल काढून पिळला, तर ओल्या फडक्यासारखं पाणी निथळलं. "पावसाळ्यात हे पितं आणि उन्हाळ्यात विहिरीला पाजतं," मामा म्हणाले, "आणि मी जन्मभर यालाच आजार समजलो." हे वाक्य त्यांनी म्हशीकडे बघून उच्चारलं. म्हशीनं डोळे उघडले नाहीत.

त्या दिवशी परत येताना त्यांनी मागच्या सीटवरून मला कबुली दिली. वीस वर्षांपूर्वी ते याच शेतावर आले होते. तात्यांच्या वडिलांनी, आबांनी, चर खणू दिला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाले, "आमची म्हस कुटं बसंल?" मामांनी कचेरीच्या कागदावर शेरा मारला, 'शेतकरी हट्टी व अडाणी'. "बत्तीस वर्षांत मला एक शहाणा माणूस भेटला," मामा म्हणाले, "आणि त्याच्या नावापुढे मी हे लिहून ठेवलंय. आता तो माणूसही नाही. मुलाला यातलं काही सांगू नका. मला तोंड राहणार नाही." मी मागे वळून मान हलवली, तर ते ओरडले, "समोर बघा!"

पुढची दोन वर्षं मामांना दुसरा विषय नव्हता. चिबडात एक बांबू रोवला, त्याला खुणा केल्या, आणि दर शनिवारी पाण्याची पातळी वहीत लिहायला सुरुवात केली. मी वहीवर छत्री धरायचो, तात्या बांबूपर्यंत जाऊन ओरडायचे, मामा लिहायचे. या तिघांना मामा 'प्रकल्प' म्हणत. माझी स्कूटर काळी होती की निळी, हे शेजाऱ्यांना आठवेनासं झालं. पण खरी काळजी वेगळीच होती. गाव शहरात आलं होतं. पाडकामाचा राडारोडा भरलेले ट्रक रोज फाट्यावर उभे राहून विचारत, "भर टाकायला जागा आहे का?" तात्यांच्या दोन्ही मुलांना भर टाकून हवी होती. "म्या पोरांना आजवर थोपवलंय," तात्या म्हणाले, "पर आता ऐकत न्हाईत. सरकारनं एकदा लिवून दिलं की ही जागा पानथळ हाय, तर गप बसतील. न्हाईतर यंदा भर पडनार." तेव्हा मामांनी अर्ज केला, स्मरणपत्रं पाठवली, स्मरणपत्रांची आठवण देणारी पत्रं पाठवली आणि अखेर एक साहेब पाहणीला येणार असं ठरलं. मामांनी तात्यांना निरोप धाडला, "साहेब बघायला येतायत. व्यवस्था चोख असू द्या." कागदपत्रं जुळवण्याच्या गडबडीत मधले दोन शनिवार आमचं तिकडे जाणं झालं नाही.

हाच निरोप भोवला. पाहणीच्या सकाळी आम्ही पोचलो तर बांधावर मांडव, मांडवात खुर्च्या, तांब्याच्या घागरीवर नारळ, चुलीवर पुरणाचा वास. आणि चिबडातून थेट मधोमध जाणारी, पाणी मारून चोपलेली मुरमाची पायवाट. दोन्ही अंगांना लव्हाळं छाटलेलं. पाणी कुठेच नाही. जमिनीला चक्क भेगा पडायला लागल्या होत्या. म्हैस भलत्याच कोरड्या जागी उभी राहून आमच्याकडे संशयानं बघत होती.

"पाणी कुठं गेलं?" मामांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"सायबांचं बूट भरतील म्हनून काढून दिलं," तात्या हौसेनं म्हणाले. "पानी तर तुमच्या वहीत लिवल्यालं हायच. धा दिस खपलोय सगळी. चर तुमीच आखून दिल्याला. आबांनी कागुद ट्रंकंत जपून ठेवला व्हता." आणि त्यांनी खिशातून पिवळा पडलेला कागद काढून मामांच्या हातात दिला. त्यावर मामांच्या हातचा नकाशा होता आणि तळाशी, कार्बनखाली उमटलेला शेरा, 'शेतकरी हट्टी व अडाणी'.

मामा कागदाकडे बघत राहिले. मग चराच्या कडेनं चालत टोकापर्यंत गेले, परत आले. मला वाटलं, आता भडका उडणार. मामा म्हणाले, "उतार बरोबर धरलाय." आणि मांडवातल्या खुर्चीत बसून पंच्यानं डोळे पुसले.

साहेब आले. मनापासून जेवले. विडा खाल्ला. कोऱ्या करकरीत बुटांनी मुरमाच्या वाटेवरून आरपार जाऊन आले आणि म्हणाले, "पुरणपोळी उत्तम. आता पाणथळ जागा कुठे आहे ती दाखवा." मामांनी वही दाखवली, बांबू दाखवला, काय घडलं ते सगळं सांगितलं. साहेबांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि 'जागा कोरडी आढळली' असं लिहून ते निघून गेले.

गाडीचा धुरळा खाली बसल्यावर तात्यांना सगळं उमगलं. "माझ्या पाहुनचारानं घात केला," म्हणून त्यांनी मटकन बसकण मारली. मामा त्यांच्या शेजारी मातीतच बसले. त्यांच्या हातात तो कागद होता. "तात्या, हे खाली लिहिलेलं... तुम्ही वाचलंय?"

"वाचलंय की. आबाच वाचून दावायचे आल्यागेल्याला. म्हनायचे, 'हट्टी हाय ह्ये सायबाला बराबर कळलं. ऱ्हायलेलं कळंल कवातरी.'"

मामा उठले, धोतर खोचलं आणि खोरं उचलून चर बुजवायला लागले. मोठ्या साहेबाला खोरं मारताना बघून तात्या धावले, तात्यांना बघून सुना आल्या आणि शेवटी, तोंड वाकडं करून का होईना, दोन्ही मुलंही आली. बापानं त्यांच्याकडे एक पावसाळा मागितला. मुलांनी तेवढा दिला.

पाऊस झाला, पाणी परत चढलं, लव्हाळं उठलं, म्हैस जागेवर गेली. मामांनी साहेबांना दर आठवड्याला एक कार्ड टाकलं. मजकूर एकच, "पाणी परत आले आहे. आपण केव्हा येता?" या छळाला कंटाळून साहेबांनी तारीख दिली. या वेळी व्यवस्था मामांनी स्वतःकडे घेतली. तात्यांच्या सगळ्या घराला ओळीत उभं करून त्यांनी सूचना दिल्या. मांडव नाही. खुर्ची नाही. नारळ नाही. चहा नाही. पाहुणा आला की फक्त "काय काम आहे?" एवढंच विचारायचं.

"अवो सायेब," तात्यांच्या मंडळी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "दारी आल्याला पानी बी इचारायचं न्हाई? लोकं काय म्हनतील?"

"पुण्यातले आहेत म्हणतील," मामा म्हणाले. "तुम्ही आता शहरात आलात. सवय करा."

साहेब आले. कुणी हललं नाही. तात्यांनी मान खाली घालून, गुन्हा कबूल करावा तशा आवाजात, "काय काम हाय?" विचारलं. साहेब चपापले. इकडेतिकडे बघून, पायवाट नाही असं पाहून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला ते गुडघ्याएवढे कमी झाले. बाहेर काढले तेव्हा एक बूट आत राहिला होता. आम्ही सगळ्यांनी तासभर चाचपडलं. तो चिबडानं दिला नाही. मग मात्र तात्यांच्यानं राहवेना. मामांच्या डोळ्यांकडे न बघता ते धावत गेले, घागर आणली, साहेबांचे पाय आपल्या हातांनी धुतले आणि स्वतःच्या वहाणा त्यांच्या पायांत घातल्या. साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, 'जागा पाणथळ आहे. प्रत्यक्ष खात्री केली.'

मंजुरीचा कागद आला त्या शनिवारी मामांनी तात्यांकडून तो पिवळा नकाशा मागून घेतला. आपल्याच शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'शेरा चुकीचा. अडाणी होता तो आखणारा.' खाली सही केली, तारीख घातली. तात्या म्हणाले, "कशापायी खोडलं वो? आबांना लई आवडायचं ते."

नंतर मामांचे गुडघे गेले. शनिवारी मी एकटा जाऊन यायचो आणि ते खिडकीत वाट बघत बसायचे. मी आलो की पातळी विचारायच्या आधी माझे बूट मागायचे. टाचेची काळी माती चिमटीत घेऊन वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आहे." तेवढं झालं की त्यांना जेवण जायचं. भाताला आता ते सगळीकडून बांध घालत आणि आमटी आत साठवत. असाच एक शनिवार मी जरा उशिरा परतलो, तर खिडकीत कुणी नव्हतं. माझे बूट त्या दिवशी कुणी तपासले नाहीत. मी ते तसेच दारात ठेवले आणि जिन्यात बसून लहान मुलासारखा रडलो.

वही आता माझ्याकडे आहे. मलाही स्कूटर झेपत नाही. त्यामुळे दर शनिवारी तात्यांचा फोन येतो. तेही थकलेत, आता त्यांचा धाकटा मुलगा बांबूपर्यंत जातो. एकेकाळी भर टाका म्हणून भांडणारा तोच. तात्या इकडच्या-तिकडच्या चार गोष्टी करतात, मेथीचं सांगतात, म्हशीच्या नातीचं सांगतात आणि शेवटी म्हणतात, "गुडघ्याच्या वर हाय. सायबांना सांगा."

मामा गेले तेव्हा खांदा द्यायला तात्या होते. त्यांना सगळं ठाऊक आहे. तरी ते दर वेळी तसंच म्हणतात, आणि मी वहीत आकडा लिहून म्हणतो, "सांगतो."