खणाखालचा डबा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींची चेष्टा करणारी बाई आहे. अमावास्येला केस धुवायचे नाहीत म्हटलं की मुद्दाम धुणार, ही माझी ख्याती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, दिव्याला वायर कुठून येते ते कळतं मला. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण इतकी वर्षं पोटात ठेवलं... आता बास.

साल दोन हजार सात-आठ. घर धारवाडला सप्तापुरात आणि आमची शेड बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत, घरापासून दहा-एक किलोमीटर. फौंड्रीत लोखंड ओतायचे साचे बनवायला जे लाकडी नमुने लागतात, त्यांना पॅटर्न म्हणतात. ते माझे सासरे चाळीस वर्षं करत होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा हातानं ड्रॉइंग काढायचे, प्रत्येक पॅटर्नचं वेगळं. आणि करवतीच्या आवाजात आयुष्य गेल्यानं दोन्ही कानांनी ठार बहिरे. कानाचं मशीन लावून बघितलं, काही उपयोग झाला नाही. नऊ वर्षं आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलत होतो.

मी सून म्हणून आले आणि ऑफिस सुधारायला घेतलं. ड्रॉइंगांचे गठ्ठे वाळवीनं खाल्लेले बघून जीव जळायचा. सगळी स्कॅन केली आणि एक नॅस आणला. नॅस म्हणजे चार डिस्कचा एक डबा. तो नेटवर्कला जोडायचा, मग ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर फायली त्यातच ठेवतात. डबा आला आणि कागद मी रद्दीत घातले. मामांनी हो म्हटलं, पण गठ्ठे रिक्षात चढेपर्यंत फाटकात उभे होते. "तुझ्या भरवशावर देतोय बघ," एवढंच म्हणाले.

त्या वर्षीची खंडेनवमी. आमच्या भागात त्या दिवशी कारखान्यातली सगळी यंत्रं धुऊन-पुसून, भस्माचे पट्टे ओढून, हार घालून पुजतात. फाटकात कोहळा फोडतात. पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. करवतीला हार, रंध्याला हार, ड्रिलला हार... आणि माझ्या नॅसला काहीच नाही? मला मेलीला हौस! कपाटातला गुळेदगुड्डचा नवाकोरा खण काढला, डब्यावर पांघरला, वर शेवंती ठेवली. मशिनांचे स्विच बंद केले. डबा बंद करायचा नसतो, म्हणून ऑफिसची लाइन तेवढी चालू ठेवली. खिडक्या लावल्या आणि सगळे घरी आलो.

दुपारी जेवायला बसलो होतो. मी होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढत होते. मामांनी तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला.

"काय वाजतंय?"

माझ्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. नऊ वर्षांत त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. माझा नवरा अविनाश हसायला लागला. मामांनी चमचा घेतला आणि ताटाच्या कडेवर वाजवून दाखवलं. एक लांब, दोन आखूड. थांबले. पुन्हा एक लांब, दोन आखूड.

"शेडमध्ये वाजतंय. ऑफिसात. चल, ऊठ!"

"अप्पा, भास झाला असेल," अविनाश म्हणाला आणि मग पाटीवर लिहिलं, "पूजा झाली, आज शेड उघडायची नसते." मामांनी पाटी बाजूला सारली आणि चपला घातल्या. अविनाशनं घड्याळात बघितलं, एक वाजायला आठ मिनिटं कमी. "सणाच्या दिवशी एक वाजेपर्यंत जेवण नाही झालं!" असं करवादला. मला काही पटलं नव्हतं. पण मामा चालत निघाले असते हो! म्हणून स्कूटर काढली आणि त्यांना मागे बसवलं.

फाटकात आमचा वॉचमन बसप्पा आडवा आला. "अक्का, पूजि आगेत्री! मुट्टबारद्री!" पूजा झालीय, हात लावू नका, म्हणून गयावया करत होता. मामांना ते ऐकूच गेलं नाही, ते सरळ कुलूप काढायला लागले.

ऑफिसात चिडीचूप. 'बघा, काही नाही,' असं मी पाटीवर लिहिणारच होते, एवढ्यात खणाकडे लक्ष गेलं. तो घसरून डब्याच्या मागच्या पंख्यावर गच्च बसला होता. डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला, तवा परवडला! तीन नंबरचा दिवा लाल. खण ओढून फेकला, कॉम्प्युटर लावून बघितलं, दुसऱ्या एका डिस्कचं तापमानही धोक्याच्या आकड्याला टेकलं होतं. चारातली एक गेली तर सगळं वाचतं. दोन गेल्या की संपलं. आणि बॅकअप? कसला बॅकअप! "चार डिस्क आहेत की, बॅकअप कशाला?" असं मीच सगळ्यांना शहाणपणानं सांगायची.

डबा बंद केला. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. "गेलं?"

मी एक बोट वर केलं, एकच गेली म्हणून. ते खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले.

हुबळीहून नवी डिस्क आणून बसवली, तिच्यात माहिती भरून व्हायला दीड दिवस लागला. एकेक ड्रॉइंग उघडून बघितलं, सगळी होती. मग मी पाटीवर सगळं कबूल केलं. दुसरी प्रत नव्हती, खण मीच घातला होता. मामा इतके कधी चिडले नव्हते. "चाळीस वर्षं माझी! डब्यात कोंडलीस आणि वर पांघरूण घातलंस!"

खरी भीती मला नंतर वाटली. डब्यातली नोंद उघडली, तर तीन नंबरची डिस्क गेल्याची वेळ होती बारा बावन्न. म्हणजे एक वाजायला आठच की, अविनाशनं घड्याळ बघितलं तीच वेळ. मग धोक्याचा भोंगा कसा वाजतो ते बघायला सेटिंग उघडली, तर भोंगा बंद. डबा आणला त्याच दिवशी, उगीच कटकट नको म्हणून मीच तो बंद केला होता. म्हणजे त्या दुपारी ऑफिसात काहीही वाजलं नव्हतं, आणि तो आवाज तोवर आमच्यापैकी कुणीच ऐकलेला नव्हता.

मी भोंगा चालू केला आणि टेस्टचं बटण दाबलं. एक लांब, दोन आखूड.

बसप्पा बाहेरून पळत आला, इतका मोठा आवाज. मामा शेजारीच बसून पेन्सिलीला टोक करत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. कुणाला लागला तर कळवा. पण वडीलधाऱ्यांची माया, अंतर्ज्ञान असलं काही सांगू नका, त्यानं माझं समाधान होत नाही.

भोंगा वाजवून बघितला त्या दिवशी मी मामांचा हात धरून डब्यावर ठेवला आणि पुन्हा बटण दाबलं. ते कान टवकारून बराच वेळ बसले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "वाजतंय का?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

"मला नाही गं येत ऐकू," मामा म्हणाले, आणि मला तिथंच रडू फुटलं.