एकच झाड चाळीस वेळा

फूल नकार देतं म्हणून आनंदाने उड्या मारणारा माणूस अख्ख्या लातुरात एकच होता, आणि तो आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होता. क्लासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर. भूकंपानंतरची ती वर्षं. एकीकडे लोक भिंतींच्या भेगा बुजवत होते, आणि दुसरीकडे गल्लोगल्ली पत्र्याच्या शेडमध्ये डॉक्टर घडवायचे क्लास निघत होते. सर मात्र एकाच गोष्टीत रमलेले: काही झाडं स्वतःचाच पराग का नाकारतात? परीक्षेत त्यावर जेमतेम एक प्रश्न यायचा. सर त्याला दोन आठवडे द्यायचे. वर्गाच्या दारात एक मुलगी उभी करायची, ती फूल. तिच्या कपाळावर दोन रंगांच्या टिकल्या, एक जनुक आईचं, एक बापाचं. मुलगे म्हणजे परागकण, त्यांना एकेकच टिकली. ज्याची टिकली तिच्या दोन्हींपैकी एकीशी जुळली तो दारातच अडला, वेगळ्या रंगाचा तेवढा आत. एकदा गोंधळ ऐकून क्लासचे मालक आले, तर सरांनी त्यांच्याही कपाळाला लाल टिकली चिकटवून त्यांना दारातच थांबवलं आणि म्हणाले, "मालक, तुमची परागनळी इथंच खुंटली." त्या महिन्यात सरांच्या दोन बॅच गेल्या. घरी येऊन ते आम्हाला खुशीत सांगत होते, की मालकांना विषय एकदम कळला. आमचे हे म्हणाले, "म्हंजे सगोत्र म्हणा की, सर." तर सर तापलेच. गोत्र नुसतं बापाकडून येतं, इथं दोघांचंही बघतात, फुलं तुमच्यापेक्षा लई कडक हायत, असं पाऊण तास ऐकवलं. चहा निवला.

मी तेव्हा चाळिशीतली. नांदेडची लेक, बी.ए. पास, म्हणजे मला जगातलं सगळंच कळत होतं. भिंतींवर भरवसा उरला नव्हता, म्हणून भूकंपाच्या पुढच्याच वर्षी मी शेतात आवळ्याची चाळीस कलमं लावली, आणि ती सगळी एकाच, मोठ्ठ्या फळाच्या झाडावरून बांधून घेतली. नर्सरीवाला बिचारा म्हणत होता, बाई, दोन-तीन जाती मिसळा. मी त्याला झापलं, की माझ्या बागेत सरमिसळ चालणार नाही. झाडं वाढली, चैत्रात फुलांनी फांद्या पिवळ्या व्हायला लागल्या, फळ मात्र औषधालाही नाही. जावा "फुलबाग कशी हाय?" म्हणून विचारायच्या. शेवटी ह्यांनी निक्षून सांगितलं, "औंदा श्रावणात फळ न्हाई दिसलं, तर समदी तोडतो आन् हरभरा पेरतो." ती झाडं म्हणजे माझी अब्रू होती. मी औषधं फवारली, बुंध्यांना हळदकुंकू वाहिलं, फक्त पुढच्या खोलीत विचारलं नाही. टिकल्या चिकटवणाऱ्या माणसाला काय विचारायचं?

त्या चैत्रात सर आपणहूनच शेतावर आले. बागेत एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि नोकरीत बढती मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

"वहिनी, तुम्ही चाळीस झाडं लावलीच न्हाईत. एकच झाड चाळीस वेळा लावलंय."

कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी. इकडचा पराग तिकडे गेला तरी घरातल्या घरातच. आवळ्याच्या फुलातलं कुलूप नेमकं कसं बसतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण ते परक्याच परागाने उघडणार याची त्यांना खात्री होती. मी फणकारले, मग काय आता वरात आणायची?

"हाव," सर म्हणाले. "माहूरहून."

आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत हा माणूस रजा टाकून एस.टी.ने माहूरला गेला. डोंगरातल्या रानआवळ्याच्या फुललेल्या फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून, पोतं मांडीवर घेऊन, सगळ्या गाडीच्या शिव्या खात परत आला. पाण्याची मडकी झाडांना टांगून त्यांत आम्ही त्या फांद्या खोचल्या. अर्ध्या बागेलाच पुरल्या; तिथून पुढे पराग न्यायचं काम मधमाश्यांचं. मीही पदर खोचून वर चढले होते, पाय घसरला, तर सरांनी आधी मडकं धरलं आणि मग मला.

आवळ्याची खोड अशी, की धरलेलं फळ चार महिने दिसतच नाही, कणाएवढं होऊन झोपून राहतं. ते चार महिने ह्यांची कुऱ्हाड पडवीत आणि माझा जीव टांगणीला. मधल्या काळात मालकांनी उरलेली बॅचही काढून घेतली, आणि सर नांदेडच्या एका क्लासला निघून गेले.

श्रावणात फांद्यांवर हिरवे मणी दिसले. पत्र मिळताच सर आले. ह्यांनी त्यांच्या हाती नारळ दिला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या झाडं." मी जन्मात कुणाची मागितली नव्हती ती माफी मागायला तोंड उघडलं, पण सर जागेवर होते कुठे? मडक्यांपाशी लगडलेल्या फांद्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मडक्यांपासून दूर, विरळ विरळ होत गेलेल्या फळांच्या मागे ते शेवटच्या झाडापर्यंत गेले. तिथे एका डहाळीला एकच आवळा होता. त्याला हात न लावता ते हळूच म्हणाले, "वहिनी, माशी इथवर आलती बघा."

पुढे माहूरच्या बियांची दोन झाडं आम्ही बागेच्या मधोमध लावली. सर वारले त्याला आता तीन वर्षं झाली. श्रावणात मी काठी टेकत त्या शेवटच्या झाडापर्यंत जाते. तेही आता भरभरून लगडतं. त्यामुळे माशी कुठवर आली होती, हे काही आता ओळखू येत नाही.