चुकलेली जोड

आमचे वडील, आण्णा, गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या जोड्या लावतात. पोरगा समोर आला की त्याचा दंड चाचपायचा, मानेवर हात ठेवायचा, मग तोडीस तोड दुसरा बोलवायचा. ताकद बरोबरीची नसेल तर इनाम कितीही मोठं असो, जोड लागत नाही. नजरचुकीने लागलीच, तर आण्णा स्वतः आखाड्यात उतरून ती सोडवतात, आणि सोडवलेली कुस्ती कुणाची हार धरत नाहीत. कुंडलच्या बाजूला या गोष्टीला मान आहे. आण्णांना त्याचा थोडा ताठाही आहे, खोटं कशाला बोलू.

धाकटी बहीण कराडला कॉलेजात असताना रग्बीत शिरली. आण्णांनी अडवलं नाही, पण तिचा खेळ कधी बघितलाही नाही. भारताच्या संघात निवड झाली, आशियातल्या मोठ्या स्पर्धेला निघाली, तेव्हा तिने त्यांच्याकडे एवढंच मागितलं की एक मॅच बघा.

त्या दुपारी घराच्या पुढच्या सोप्यात अर्धी गल्ली जमली होती. मी मोबाईल टीव्हीला जोडला. चेंडू हाताने मागेच का टाकतात, यावर दहा मिनिटं वाद चालला. समोरच्या मुली आमच्यापेक्षा हातभर रुंद. त्या सरळ अंगावर यायच्या, आमच्या दोघी-तिघी चिकटायच्या, आणि सगळ्यांना ओढत त्या रेषेपलीकडे जायच्या. मध्यंतरापर्यंत आमच्या नावावर शून्य. बहिणीचा ओठ फुटला होता. ती बाहीला पुसून परत उभी राहायची, परत पडायची. सोप्यात मागे कोणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं, पण कुणाला काय बोलणार?

उत्तरार्ध थोडा झाला असेल, आण्णा उठले. "जोड चुकलीया," म्हणाले. "बंद कर ते."

अजून बराच खेळ बाकी आहे, असं मी म्हणून बघितलं.

"बंद कर म्हणतोय न्हवं."

मी बंद केलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. गल्लीसमोर मला लाज वाटत होती, तिची नव्हे तर त्या शून्याची, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आठवड्याने ती घरी आली. ओठाला टाके, चालताना पाय ओढत होती. जेवताना आण्णा आपणहून बोलले, जे ते सहसा करत नाहीत. "तुझी हार न्हाई धरत मी. जोडच बरोबरीची नव्हती." त्यांच्याजवळ याहून मायेचं बोलणं नाही.

तिचा चेहरा उजळला. "शेवटाला त्यांची ती थोराड पोरगी एकटी सुटलीवती बघा. रेषेच्या अलीकडं मी आडवी केली तिला. बघितलंसा का?"

मी ताटात बघत राहिलो. माझ्यावर असतं तर मी व्हय म्हणून मोकळा झालो असतो. आण्णांना खोटं बोलता येत नाही.

"टीव्ही बंद केलता," ते म्हणाले.

तिने हातातला घास खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "आण्णा, आमच्यात मधीच सोडवत न्हाईत."

ती अजून खेळते. आण्णा अधूनमधून मला विचारतात, पोरीची मॅच कवा हाय. मला ठाऊक नसतं. ती आता घरी कळवत नाही.